नेपाळास जाताय, तर हे पाहून या

मे महिन्याची सुटी जवळ आली की आमच्या इंदुरातील सहल कंपन्यांना नेपाळची आठवण होते. पाच रात्री आणि सहा दिवस, पशुपतिनाथाचे दर्शन, पोखऱ्याचा तलाव, विमानातून एव्हरेस्टचे ओझरते दर्शन, एक संध्याकाळ खरेदीसाठी मोकळी आणि दोन्ही वेळा घरच्यासारखे जेवण, असा साधारण कार्यक्रम असतो. घरच्यासारख्या जेवणाबद्दल माझे काही म्हणणे नाही. उतारवयात पोटाशी वैर परवडत नाही. तक्रार आहे ती बाकीच्या कार्यक्रमाविषयी. माणसे जातात हिमालय पाहायला, आणि नेमकी अशा महिन्यात जातात की तेव्हा हिमालय धड दिसत नाही. चैत्र-वैशाखात तिकडे वणव्यांच्या धुराचा आणि उडत्या धुळीचा पडदा आकाशभर धरलेला असतो, आणि जून उजाडला की ढग येऊन बसतात. शिखरे लख्ख पाहायची असतील तर दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंतचे दिवस गाठले पाहिजेत. पण शाळांना सुट्या मे महिन्यात! तेव्हा मंडळी पहाटे चारला उठून, शाली गुंडाळून एखाद्या टेकडीवर जातात, धुक्याकडे तोंड करून तासभर उभी राहतात, एकमेकांचे फोटो काढतात आणि खाली येऊन चहा पितात.

परवाच आमच्या ओळखीच्या एक काकू जाऊन आल्या. कसे काय वाटले म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "पशुपतिनाथ छान झाला हो. बाकी काय, सगळी जुनी घरेच."

ती जुनी घरे पाहून या असे सांगण्यासाठीच मी आज लिहायला बसलो आहे. मी आजवर तीनदा नेपाळास गेलो. पहिल्या वेळी सर्वांप्रमाणे शिखरे पाहिली. मागल्या दोन वेळा मात्र काठमांडूच्या खोऱ्याबाहेर पाऊल टाकले नाही, आणि तरी पाहायचे बरेच राहून गेले. डोंगराळ देशात जाऊन शहरे पाहणे कोणाला विचित्र वाटेल. पण डोंगर आणखी हजार वर्षे जागचे हलणार नाहीत. या शहरांचे तसे नाही.

समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेरा-चौदाशे मीटर उंचीवर, चहूकडून डोंगरांनी वेढलेले हे खोरे आहे. त्यात हाकेच्या अंतरावर म्हणावीत अशी तीन राजधानीची शहरे : काठमांडू, बागमती ओलांडली की पाटण म्हणजे ललितपूर, आणि पूर्वेस दहा-बारा किलोमीटरवर भक्तपूर. यक्षमल्ल नावाचा राजा १४८२ साली वारला आणि त्याच्या वंशजांनी राज्य वाटून घेतले. पुढची पावणेतीनशे वर्षे हे भाऊबंद एकमेकांशी लढले, तह केले, तह मोडले. आणि या भाऊबंदकीतला जो भाग लढाईत खर्च झाला नाही तो देवळे बांधण्यात खर्च झाला. एकाने पाच छपरांचे देऊळ उभारले की दुसऱ्याला झोप लागत नसे. भाऊबंदकीने काय काय बुडते हे आपण मराठी माणसांनी पुष्कळ पाहिले आहे. तिच्यातून इतके देखणे काही निपजल्याचे उदाहरण मात्र विरळाच. अखेर व्हायचे तेच झाले. गोरख्याच्या पृथ्वीनारायण शाहाने १७६८ साली ऐन इंद्रजात्रेच्या दिवशी काठमांडू घेतले, पाठोपाठ पाटण घेतले आणि १७६९ साली भक्तपूर. तिन्ही राजे गेले. त्यांना जिंकणाऱ्या शाहांची राजेशाहीही २००८ साली संपली. देवळे राहिली.

ही बांधणी नेवार लोकांची. लाल विटा, सालाचे लाकूड, चुन्याऐवजी चिकणमाती, आणि एकावर एक लहान होत जाणारी उतरती छपरे. छपरांचा भार तिरप्या कोरीव धिऱ्यांवर तोललेला असतो. त्यांना तिकडे टुँडाल म्हणतात, आणि एकेका टुँडालावर एकेक देवता. खिडक्या अशा जाळीच्या की आतली बाई रस्ता पाहील, रस्त्यावरल्याला आतली बाई दिसणार नाही. ही छपरांची उतरंड पाहिली की पुष्कळांना ती चीनकडून आलेली वाटते. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. तेराव्या शतकात अरनिको नावाचा येथला एक तरुण कारागीर तिबेटात आणि तेथून कुबलाई खानाच्या दरबारी गेला, आणि आजच्या पेकिंगमध्ये जो मोठा पांढरा स्तूप उभा आहे तो त्याने बांधला. तेव्हा त्या दोन देशांत कोणी कोणाला काय दिले हे बोलताना जरा जपून बोलावे.

आता क्रमाची गोष्ट. सहलवाले काठमांडूपासून आरंभ करतात. मी म्हणेन, पाटणपासून करा, आणि तेथे दोन दिवस द्या.

पाटणच्या दरबार चौकात शिरताच डाव्या हाताला देवळांची रांग आणि उजवीकडे जुना राजवाडा. त्या रांगेत लाकूडविटांच्या देवळांमध्ये दगडी असे कृष्णमंदिर आहे. सिद्धिनरसिंह मल्लाने ते १६३७ साली पुरे केले. शिखरे एकवीस, आणि मजल्यांच्या पट्ट्यांवर एकीकडे महाभारत, दुसरीकडे रामायण, वीतभर उंचीच्या आकृत्यांत कोरलेले. आमच्याबरोबरची मंडळी तेथे पाच मिनिटे थांबली. वाटाड्याने घड्याळ दाखवले आणि सारी निघाली. मी दुसऱ्या दिवशी एकटा गेलो आणि भीष्म शरपंजरी पडेपर्यंत दीड तास गेला.

राजवाड्याच्या एका चौकात १९९७ साली ऑस्ट्रियाच्या मदतीने संग्रहालय उघडले आहे. मी सहसा संग्रहालयांची शिफारस करीत नाही, कारण आपल्याकडे संग्रहालय म्हणजे धूळ, झोपलेला पहारेकरी आणि 'मूर्ती, दगड, काळ अज्ञात' असे लिहिलेली चिठ्ठी. येथे मात्र मूर्ती कशी ओळखावी, हात किती, मुद्रा कोणती, धातू कसा ओततात, हे शाळकरी मुलालाही कळेल असे सांगितले आहे. हे आधी पाहावे आणि मग गल्ल्यांत फिरावे, म्हणजे गल्ल्या बोलू लागतात. वाड्याच्या उत्तरेला जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून गेले की मंगा हिती नावाचे पाणवठ्याचे कुंड लागते. मगरीच्या तोंडाच्या दगडी धारांतून पाणी पडते आणि बायका कळशा भरून नेतात. हा पाणवठा इसवी सन ५७० चा मानतात. म्हणजे आपल्याकडे बदामीचे चालुक्य नुकते कोठे स्थिरावत होते तेव्हापासून येथे पाणी भरणे चालू आहे. एक म्हातारेबुवा तेथे पाय धूत होते. त्यांनी मोडक्या हिंदीत मला सांगितले की आमच्या आळीतली दुसरी धार आटली, कारण वरच्या अंगाला कोणी इमारतीचा पाया खोदला आणि जमिनीखालची जुनी वाट तुटली. ही धार अजून आहे, इतके बोलून त्यांनी दुसरा पाय पुढे केला.

वैशाखात गेलात, तर पाटणचे दुसरे एक आकर्षण ऐन भरात असते आणि त्याला धुके आड येत नाही. तो म्हणजे रातो मच्छिंद्रनाथाचा रथ. आपल्याकडे नवनाथांची पोथी लावणाऱ्या घरांत मच्छिंद्र हे नाव नवे नाही. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानदेव, ही परंपरा आपल्या कानांवरून गेलेली आहे. तोच मत्स्येंद्र येथे पाऊस देणारा देव होऊन बसला आहे. कथा अशी की गोरक्षनाथाने नागांना आसनाखाली धरून ठेवले आणि बारा वर्षे अवर्षण पडले. तेव्हा नरेंद्रदेव राजाने मच्छिंद्राला खोऱ्यात आणले, गुरू आलेला पाहून गोरक्ष उठला, नाग सुटले आणि पाऊस पडला. हिंदू त्याला मच्छिंद्र म्हणतात, बौद्ध त्यालाच करुणामय अवलोकितेश्वर म्हणतात, आणि नेवार शेतकरी नुसते बुंगद्यः, म्हणजे बुंगमतीचा देव, म्हणतात. रथ एकच, दोर एकच. ओढताना कोणी कोणाचा धर्म विचारीत नाही. दर वर्षी लाकूड आणि वेत बांधून सुमारे साठ फूट उंचीचा रथ नव्याने उभारतात. तो गल्लीतून निघाला की झुलतो, कलतो, विजेच्या तारांत अडकतो, कधी आडवाही होतो. मग सारा गाव धावतो. शेवटच्या दिवशी जावळाखेलच्या मैदानात रत्ने जडवलेली एक बंडी चारी दिशांना उंच धरून दाखवतात. ती म्हणे एका शेतकऱ्याला नागराजाने बायकोचे डोळे बरे केल्याबद्दल दिली होती, पुढे ती चोरीला गेली, आणि मालक ठरेपर्यंत देवाकडे ठेव आहे! पूर्वी राजा या समारंभास येई. आता राष्ट्रपती येतात. दिवस ज्योतिषी ठरवतात, म्हणून तारीख आधी विचारून घ्यावी. हे पाहायला एकाही सहल कंपनीची गाडी थांबत नाही याचे मला नवल वाटते.

भक्तपूरला मुक्काम करावा. सकाळी जाऊन दुपारी परत, असे करू नये. संध्याकाळी सहलींच्या मोटारी निघून गेल्या की हे गाव आपल्या मूळ रूपात येते : चौकात धान वाळत घातलेले असते, पाटीवर, म्हणजे रस्त्याकाठच्या ओट्यावर, म्हातारे भजनाला बसतात. तेथील न्यातापोल हे पाच छपरांचे देऊळ भूपतींद्र मल्लाने १७०२ साली उभारले. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना खालून वर मल्ल, हत्ती, सिंह, शार्दूल आणि देवता अशा जोड्या आहेत. मल्ल साध्या माणसाच्या दसपट बळाचे, हत्ती मल्लांच्या दसपट, अशी ती वाढत जाणारी शक्ती. आतील सिद्धिलक्ष्मी पुजाऱ्याखेरीज कोणाला दिसत नाही. १९३४ सालचा मोठा भूकंप आणि २०१५ सालचा भूकंप, दोन्ही या देवळाने किरकोळ इजेवर सोसले. आजूबाजूच्या सिमेंटच्या इमारतींना भेगा पडल्या आणि तीनशे वर्षांचे हे लाकूडमातीचे देऊळ उभे राहिले. का राहिले, हे सांगायला मी स्थापत्यशास्त्री नाही. पण तळाचा रुंद चौथरा, वर वर हलका होत जाणारा भार आणि धक्का बसला की मोडण्याऐवजी हलून घेणारे लाकडी सांधे, असे तेथील जाणकार सांगतात. ते पटण्यासारखे आहे.

दरबार चौकातील पंचावन्न खिडक्यांचा वाडा आणि सोन्याचा दरवाजा तुम्हाला कोणीही दाखवील. दत्तात्रेयाचे देऊळ मात्र मराठी माणसाने आपण होऊन विचारत जावे. ते गावाच्या वरच्या टोकाला, तचपाल टोलात आहे. पंधराव्या शतकात यक्षमल्लाने बांधलेले हे तीन मजली लाकडी देऊळ एकाच झाडाच्या लाकडातून झाले अशी समजूत आहे. दारात न्यातापोलसारखेच दोन मल्ल उभे. गाणगापूर आणि नरसोबावाडी यांपलीकडे आपल्याला दत्त माहीत नसतो. तो येथे हिमालयाच्या पायथ्याशी, पाच-साडेपाच शतके ठाण मांडून आहे, हे पाहून मी तरी थक्क झालो. आमच्याबरोबरच्या एका दत्तभक्त गृहस्थांनी पादुका कोठे आहेत, औदुंबर कोठे आहे, असे विचारले. औदुंबर नव्हता. पण महाशिवरात्रीला येथे साधूंची दाटी होते असे कळले. देवळामागे पुजारी मठ आहे, आणि त्याच्या बाजूच्या अरुंद बोळात ती सुप्रसिद्ध मोराची खिडकी. पिसारा फुलवलेला मोर एका अखंड चौकटीत कोरला आहे. पाहताना मान वर धरावी लागते आणि बोळ इतका चिंचोळा की पाठ समोरच्या भिंतीला टेकते.

भक्तपुरात शिरताना परक्याकडून पैसे घेतात. आपल्याकडून इतर परदेशी माणसांपेक्षा पुष्कळ कमी घेतात, तरी आपली माणसे कुरकुरतात. "रस्त्यावर चालायचे पैसे?" असा एकाने जोरात वाद घातलेला मी ऐकला. अहो, त्याच पैशांतून ते रस्ते विटांचे राहिले आहेत. २०१५ नंतर भक्तपूरच्या नगरपालिकेने पडलेली देवळे ठेकेदाराला न देता आळीआळीच्या समित्या करून, गावातल्याच सुतारगवंड्यांकडून बांधून घेतली. आपल्याकडे जुना वाडा पडला की पाटी लागते ती बिल्डरची. आपल्या राजवाड्याचे लाकडी मजले १९८४ साली आगीत गेले तेव्हा हळहळलो आपण सगळे. पण त्यानंतर गावातले किती कोरीव खांब भंगाराच्या भावाने गेले, याचा हिशेब कोणी ठेवला आहे? असो. तो वेगळा विषय आहे.

काठमांडूविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे गर्दी आणि धूर दोन्ही फार. हनुमानढोका राजवाड्याच्या बाहेरच्या भिंतीवर प्रताप मल्लाने सतराव्या शतकात बसवलेला एक शिलालेख आहे, तो चुकवू नये. आपण पंधरा लिप्या जाणतो ही बढाई त्याने दगडात कोरून ठेवली आहे, आणि त्यात चक्क फ्रेंच शब्दही आहेत! राजा मोठा रसिक आणि मोठा बढाईखोर असावा. मला अशी माणसे आवडतात. तेथून जवळ काष्ठमंडप. याच नावावरून शहराला काठमांडू हे नाव पडले. २५ एप्रिल २०१५ रोजी दुपारच्या आत आलेल्या त्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात हा मंडप पुरता कोसळला. त्या दिवशी आत रक्तदानाचे शिबिर चालू होते. रक्त द्यायला आलेली माणसे त्याखाली गेली. साऱ्या देशात मिळून सुमारे नऊ हजार माणसे दगावली. नंतर पाया उकरला तेव्हा त्याची मुळे थेट सातव्या शतकात पोहोचतात असे संशोधकांना आढळले. तोपर्यंत तो बाराव्या शतकातला मानला जाई.

तो पुन्हा कसा बांधावा यावरून मोठा वाद झाला, आणि या वादात मी पाहुणा असूनही माझा एक पक्ष आहे. काही जणांचे म्हणणे, आता लोखंड आणि सिमेंट आहे, ते वापरा आणि वर लाकूड चिकटवा. दिसायला तसेच दिसेल. रहिवाशांनी ते ऐकले नाही. त्यांनी समिती केली, सालाचे खांब आणवले आणि जुन्या पद्धतीनेच लाकूडमातीत मंडप उभारला. २०२२ साली तो पुरा झाला. याउलट धरहरा नावाचा मनोरा. भीमसेन थापाच्या काळातला तो मनोरा १९३४ साली पडला, पुन्हा बांधला, २०१५ साली पुन्हा पडला आणि माणसे घेऊन पडला. त्याच्या जागी २०२१ साली सिमेंटचा नवा उंच मनोरा उद्घाटित झाला. तो पाहायला रांगा लागतात. मी गेलो नाही. राणीपोखरीच्या तळ्याचे तर असे झाले की प्रताप मल्लाने पुत्रशोकात बुडालेल्या राणीसाठी खोदवलेल्या या तळ्याला पालिकेने सिमेंटच्या भिंती घालायला आरंभ केला, आणि लोक रस्त्यावर आले. काम थांबले, सिमेंट उखडले गेले, आणि विटा, माती, चुना वापरून २०२० साली ते पुरे झाले. सिमेंटची भिंत पाण्याला थोपवील, पण जमिनीशी त्याचे जे देणेघेणे असते ते तोडील, असे विरोधकांचे म्हणणे होते. शहरातल्या नागरिकांनी एका तळ्याच्या भिंतीसाठी भांडावे, ही गोष्ट मला एव्हरेस्टपेक्षा थोडी उंच वाटली.

हे सारे ज्यावर चालते ती गुठी नावाची संस्था पाहता येत नाही, पण तिच्याविषयी ऐकून घ्यावे. देवाच्या नावाने जमीन लावून द्यायची आणि तिच्या उत्पन्नातून अमुक घराण्याने दिव्याचे तेल घालावे, अमुकाने रथाचे दोर वळावेत, अमुकाने पाणवठा उपसावा, कोणी मेले तर खांदा द्यावा, अशी ही वाटणी. आपल्या देवस्थानांच्या इनामांसारखेच म्हणा; फरक एवढा की आपली इनामे बहुतेक कागदावर राहिली आणि त्यांच्या गुठ्या अजून दोर वळतात. २०१९ साली सरकारने गुठ्यांचा कारभार नव्या अधिकाराखाली आणण्याचे विधेयक मांडले, तेव्हा जून महिन्यात हजारो लोक वाद्ये वाजवीत काठमांडूच्या रस्त्यांवर उतरले आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले. गुठी बुडाली तर पुढल्या वर्षी रथाचे दोर कोण वळणार? एखादी सहल कंपनी?

खरेदीविषयी एक विनंती आहे. तेथे कोणी हळूच कापडात गुंडाळलेली 'जुनी' मूर्ती दाखवली तर हात लावू नका. एकतर ती खोटी असेल, आणि खरी असेल तर कोणाच्या तरी देवळातून उचललेली असेल. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेण्यास तिकडच्या कायद्याने बंदी आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या खोऱ्यातले देव अक्षरशः पोत्यांनी परदेशी गेले. लैनसिंह बांगदेल या चित्रकाराने १९८९ साली अशा चोरीस गेलेल्या मूर्तींचे एक पुस्तकच छायाचित्रांसह छापले. पाटणच्या पटको टोलातील लक्ष्मीनारायण १९८४ साली चोरीस गेला. आळीतल्या लोकांनी त्याच्या जागी दुसरी मूर्ती ठेवून पूजा चालू ठेवली. मूळ मूर्ती पुढे अमेरिकेत डॅलसच्या संग्रहालयात सापडली, २०२१ साली परत आली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिची पहिल्या जागेवर पुन्हा स्थापना झाली. सदतीस वर्षे देव प्रवासात होता. मी ती मूर्ती पाहिली : गुलाल, तांदूळ, फुले यांनी माखलेली, अर्धे अंग विष्णूचे आणि अर्धे लक्ष्मीचे. संग्रहालयात तिच्यावर चांगला उजेड पडत असेल यात शंका नाही. काही घ्यायचेच असेल तर पाटणच्या कारागिरांकडून नवी ओतीव मूर्ती घ्यावी. मेणाचा साचा करून, तो वितळवून त्यात धातू ओतण्याची त्यांची कला तीच जुनी आहे, आणि पैसे चोराऐवजी ओतकाम्याला मिळतात.

पशुपतिनाथाचे मी सांगायला नको. तेथे तुम्ही जाणारच. पुजारी दक्षिणेतले, कर्नाटकातले भट्ट असतात हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. दर्शन झाल्यावर चपला शोधण्याच्या घाईत लगेच निघू नये, बागमतीच्या पलीकडच्या पायऱ्यांवर थोडे बसावे. खोऱ्याच्या कडेला टेकडीवर चांगुनारायण आहे. तेथे इसवी सन ४६४ चा मानदेव राजाचा संस्कृत शिलालेख उघड्यावर उभा आहे, आणि समोर गुडघा टेकून बसलेला गरुड. त्या गरुडाला चोच नाही. माणसाचा चेहरा आहे, आणि तो कोणा खऱ्याखुऱ्या माणसाचा असावा असे पाहताना वाटत राहते.

आता हिमालयाचे. पोखऱ्याला जाऊच नका असे कोणाला म्हणवत नाही. फेवा तलाव सुरेख आहे, आणि धुके नसेल तर माछापुच्छ्रे, म्हणजे माशाच्या शेपटीचे शिखर, पाण्यात उतरते. उंची ६,९९३ मीटर. १९५७ साली ब्रिटिश गिर्यारोहक त्याच्या माथ्यापासून थोड्या अंतरावरून, दिलेला शब्द पाळून, परत फिरले. त्यानंतर तेथे चढाईस परवानगीच नाही. तेथून उत्तरेस काळी गंडकीचे खोरे आणि मुक्तिनाथ. आपल्या देवघरातला शाळिग्राम याच नदीतला. फोडला तर आत चक्र दिसते, ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या प्राण्याचा ठसा असतो, असे भूगर्भशास्त्री सांगतात. म्हणजे आपली आजी रोज ज्याला तुळस वाहत होती तो हिमालयाहूनही वयाने मोठा! मुक्तिनाथ पावणेचार हजार मीटरच्या आसपास आहे. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या माणसाने डॉक्टरला विचारल्यावाचून जाऊ नये. आमच्या गाडीत सत्तरीचे दोघे होते, आणि सहल नेणाऱ्या माणसाने त्यांना त्याविषयी एक अक्षर सांगितले नव्हते.

१९५६ पूर्वी काठमांडूला मोटारीचा रस्ताच नव्हता. भीमफेदीपर्यंत गाडी, मग चंद्रागिरीची घाटी पायी किंवा डोलीत. राणा मंडळींच्या मोटारी सुद्धा हमालांनी खांद्यावर वाहून खोऱ्यात नेल्या. आज त्या चंद्रागिरीवर पाळणे जातात. ज्याला रस्त्याचा कंटाळा नसेल त्याने रक्सौलवरून जुन्या त्रिभुवन राजपथाने, दामनमार्गे जावे. वळणे फार आहेत. आल्याची वडी जवळ ठेवावी. १८५९ साली नानासाहेब पेशवे याच बाजूच्या तराईत शिरले आणि इतिहासातून दिसेनासे झाले. त्यांच्यासारखीच आश्रयास गेलेली अवधची बेगम हजरत महल १८७९ साली काठमांडूत वारली; तिची कबर शहरात मशिदीजवळ आहे. तेथेही कोणी नेत नाही. दहा मिनिटांचे काम आहे.

भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. आपले शंभर रुपये म्हणजे तिकडचे एकशे साठ. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे. सप्टेंबर २०२५ च्या दंगलीत सिंहदरबारासारखी इमारत जळाली, तेव्हा निघण्यापूर्वी तेथली परिस्थिती विचारून घ्यावी. पायांत मऊ तळव्याच्या चपला असाव्यात, कारण विटांच्या रस्त्यांवरून खूप चालायचे आहे. आणि भक्तपूरला रात्री राहिलात तर जुजु धौ, म्हणजे दह्यांचा राजा, मागवावा. म्हशीच्या दुधाचे घट्ट गोड दही मातीच्या पसरट भांड्यात विरजलेले असते. वरची साय चमच्याने मोडावी लागते. दोन माणसांना एक भांडे पुरते, असे दुकानदार प्रामाणिकपणे सांगतो. तरी दोन घ्यावीत.